पाठकोऱ्या कागदावरची अक्षरं

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, करीच्या दिवशी दुपारी मला तो कागद सापडला. कृषी केंद्रवाले वाटतात त्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान. त्या दिवशी 1 मे होती, म्हणजे ते सकाळीच फाडलेलं. पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने आखलेल्या चार आडव्या ओळी, ओळींत बारीक बारीक चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एकेक मराठी अक्षर. कुठे नुसताच काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा भ. अक्षर आप्पांचं, माझ्या वडिलांचं. शाळेच्या जनरल रजिस्टरात 33 वर्षं उमटलेलं, किंचित उजवीकडे झुकणारं. आधी वाटलं, शेजारच्या पोरांना काही शिकवत असतील. पण कागद घडी घालून लॅपटॉपच्या खाली सरकवलेला होता, कुणाच्या नजरेला पडू नये असा. मधल्या ओळीत एका चौकोनातलं अक्षर रबराने पुसून परत लिहिलेलं होतं. पुसल्याचा वळ तसाच होता. मी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला.

आधी पुसलेलं आणि मग लिहिलेलं, दोन्ही वेळा अक्षर एकच होतं.

आतल्या खोलीत आप्पा पंख्याखाली आडवे झाले होते. आप्पा दुपारी कधी झोपत नाहीत. वैशाखातली दुपार, पारा 40 च्या वर, पंखा नुसती गरम हवा ढवळत होता, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे उघडे आहेत हे पाठीवरूनही कळत होतं. आई मोरीपाशी आदल्या दिवशीची पुरणाची पातेली घासत होती. तिला विचारलं, आप्पांना बरं नाही का? ती हात न थांबवता म्हणाली, "सकायपासून गुमसुम शेतस." मग तिने सकाळची गोष्ट सांगितली. खालच्या आळीतल्या एक म्हाताऱ्या बाई निराधार योजनेचा अर्ज टाइप करून घ्यायला आल्या होत्या. आप्पा झेंडावंदन करून आले, लॅपटॉप लावला, बसले. बराच वेळ ठकठक झाली. लॅपटॉप बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा ठकठक. मग बाईंना म्हणाले, "आज नही व्हई, सकाय ये." त्या गेल्या तशी कॅलेंडरचं पान घेऊन टेबलाशी बसले होते. आईला वाटलं, हिशेब करताहेत.

मी तिथेच उभी राहिले. हातात तो कागद, आणि पोटात काहीतरी हळूहळू खाली उतरत गेलं. कारण आदल्या नव्हे, त्याच्या आदल्या रात्री त्या लॅपटॉपला हात मी लावला होता.

तो लॅपटॉप मूळचा भावाचा. 2015 साली जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना घेतलेला. 4 जीबी रॅम, 500 जीबीची फिरती हार्ड डिस्क. भाऊ जर्मनीला गेला आणि लॅपटॉप आप्पांकडे आला. पुढल्या खोलीत खिडकीपाशी त्याचं टेबल आहे. वर आईने शिवलेलं फुलाफुलांचं झाकण. सकाळी आप्पा बटण दाबतात आणि त्याच्यासमोर न बसता बाहेर पडतात. चिमण्यांच्या परळात पाणी ओततात, तुळशीला घालतात, नळाचा दिवस असेल तर हौदाची तोटी बघतात, आकाशवाणी जळगाव लावतात, मग चहाचा कप घेऊन येतात तेव्हा कुठे लॅपटॉप जागा झालेला असतो. कुणी घाई केली तर म्हणतात, "तापू दे." आखाजीला आई खापरावर मांडे करते तेव्हाही हाच शब्द असतो घरात. खापर तापेपर्यंत कुणी काही बोलत नाही. चूल लावून दिलेली असते आणि बाकी सगळं थांबलेलं असतं.

मला ते थांबणं सहन झालं नाही. मी आखाजीसाठी माहेरी आले होते. एक कागद स्कॅन करून ऑफिसला पाठवायचा होता आणि माझा लॅपटॉप पुण्यात राहिला होता. बटण दाबलं आणि बसले. पडदा आला, पण पडद्यावर काही उघडेना. डिस्कची घरघर ऐकू येत होती. माउसशेजारचा गोल फिरत राहिला. जवळजवळ 5 मिनिटं. आप्पा तिथेच खुर्चीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी त्यांना म्हटलं, "आप्पा, हा इतका हळू का झालाय, बघू का?" ते म्हणाले, "पाय ना बेटा. जुना शे." मी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि स्टार्टअपच्या टॅबवर गेले.

ती यादी बघितली की मला नेहमी परक्या घराच्या ओसरीत आल्यासारखं वाटतं. चपला कुणाकुणाच्या काढून ठेवल्यात ते आधी दिसतं. लॅपटॉप चालू होताना जे जे आपणहून उठून बसतं, त्या सगळ्यांची नावं तिथे असतात: नाव, कुणी बनवलं, चालू आहे की बंद, आणि सुरू व्हायला किती भार टाकतं. भाराचं मोजमाप विंडोज स्वतः करून ठेवतं. उठताना ज्याने प्रोसेसरचा 1 सेकंदापेक्षा जास्त वेळ खाल्ला किंवा डिस्कवर 3 एमबीपेक्षा जास्त वाचणं-लिहिणं केलं, त्याच्यासमोर हाय. 300 मिलिसेकंद आणि 300 केबीच्या आत ज्याचं भागतं, त्याच्यासमोर लो. मधल्यांना मीडियम. एकेकटं पाहिलं तर हे आकडे काहीच नाहीत. पण जुन्या फिरत्या डिस्कला एका वेळी एकाच ठिकाणचं वाचता येतं. नळाला पाणी आल्यावर गल्लीतल्या सगळ्या घागरी एका तोटीखाली लागाव्यात, तसं होतं. पाणी तेवढंच असतं, पण अर्धा वेळ घागरी सरकवण्यातच जातो.

आप्पांच्या यादीत 17 नावं होती. विकून टाकलेल्या प्रिंटरची दोन. भावाच्या कॉलेजातल्या फोनसाठीचा आयट्यून्स हेल्पर. त्याच्या गेमचं स्टीम. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी सोबत दिलेले तीन मदतनीस, जे कुणाला कधी मदत करताना दिसले नव्हते. वनड्राइव्ह, स्काइप, जावाचं अपडेट शोधणारं एक. आवाजाचं रिअलटेक, टचपॅडचं एक, आणि विंडोज सिक्युरिटीची ढाल. काही फुटकळ. एका नावाला तर नावच नव्हतं. कोऱ्या पानाचं चित्र आणि पुढे नुसतं 'प्रोग्राम'. आणि तळाशी इंग्रजी तीन अक्षरांचं एक, ज्याच्या बनवणाऱ्याचा रकाना रिकामा.

मी दहा मिनिटांत निकाल लावला. आवाज, टचपॅड, ढाल आणि वनड्राइव्ह ठेवलं, उरलेल्या 13 नावांवर राइट क्लिक, डिसेबल. एकेक ओळ विझत जाताना एक प्रकारचा जोर चढतो अंगात. पसारा आवरतानाचा तो जोर मला ओळखीचा आहे, माझ्या आईकडून आलेला आहे. रीस्टार्ट केला. दीड मिनिटात पडदा मोकळा. आप्पांकडे वळून म्हटलं, "बघा." त्यांनी सुपारीची तबकडी बाजूला ठेवून पाहिलं आणि खरंच खूश झाले. "बरं व्हयनं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी आखाजी. घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, पितरांना जेवू घालायचं, आमरस, मांडे, दुपारी निंबाच्या झोक्यावर गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी. लॅपटॉपकडे कुणी फिरकलं नाही.

आणि करीच्या सकाळी आप्पांनी मराठी लिहायला घेतलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली.

तळाशी असलेली ती तीन अक्षरं म्हणजे आप्पांची मराठी होती. टाइपरायटरच्या मांडणीप्रमाणे मराठी उमटवणारा छोटासा प्रोग्राम. कित्येक वर्षांपूर्वी कुणा दुकानदाराने टाकून दिलेला, लॅपटॉपबरोबर गुपचूप उठणारा आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी नुसता एक 'म' होऊन बसणारा. आप्पांना तो वेगळा आहे हेच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी मराठी लॅपटॉपच्या आतच होती, जशी ती टाइपरायटरच्या खिळ्यांवर होती. त्यामुळे ती उमटेना तेव्हा यंत्राचं काही बिघडलं असेल, हे त्यांच्या मनातच आलं नाही. यंत्र तर दोन दिवसांपूर्वी मुलीने नीट करून दिलं होतं. मग बिघडलेलं उरलं कोण?

म्हणून त्यांनी कागद घेतला. अंगात भिनलेली मांडणी डोक्यातून कागदावर काढून पाहिली. आठवतंय का, की तेही गेलं. एका अक्षराशी अडले, पुसलं, पुन्हा तेच लिहिलं. सगळं बरोबर होतं. मी नंतर टाइपरायटरच्या छापील तक्त्याशी चौकोन न् चौकोन ताडून पाहिला, एकही चूक नव्हती. पण आप्पांकडे ताडायला तक्ता नव्हता. त्यांच्याकडे फक्त पडदा होता, आणि पडदा त्यांना चूक म्हणत होता.

ती ओळ पुन्हा चालू झाल्यावर तिच्यासमोर भाराच्या रकान्यात काय येतं ते मी जाऊन पाहिलं. लो. सेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही.

आप्पा टायपिंग शिकले 1978 साली, अमळनेरला. गावाहून सायकलने जायचे, बोरीला पाणी असलं की सायकल खांद्यावर. पहिला महिना कागदावर फक्त मधली ओळ, बोटांकडे न बघता. मराठी 30 ची परीक्षा, मग 40 ची. शाळेत लिपिक म्हणून लागले तेव्हा ऑफिसात गोदरेजचा टाइपरायटर होता, करड्या रंगाचा, त्याच्या खिळ्यांना तेलाचा आणि शाईचा मिसळलेला वास यायचा. तिमाही-सहामाहीच्या प्रश्नपत्रिकांचं स्टेन्सिल, म्हणजे प्रती काढायचा मेणकागद, आप्पा कापायचे. फीत काढून टाकायची, म्हणजे खिळा थेट मेणकागदावर बसतो आणि अक्षराच्या आकाराचं भोक पडतं. एक ठोका चुकला तर लाल रोगण लावून, वाळू देऊन, पुन्हा मारायचा. म्हणून ते चुकायचे नाहीत. सुट्टीच्या दिवशी मला सोबत न्यायचे. मी ऑफिसातल्या बाकावर बसून तो आवाज ऐकायची. त्या मांडणीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते, काही अक्षरं अर्धं अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत घडतात. त्यामुळे मराठी टायपिंगला एक लंगडा ताल असतो, टक, टकटक, टक. मला तो अजून झोपेत ओळखता येईल.

शाळेत संगणक आला तेव्हा पुष्कळ जुन्या लिपिकांनी हात टेकले. विंडोजमध्ये मराठीची सोय होती, पण ती इनस्क्रिप्टची, 1991 साली मानक ठरलेली मांडणी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. शहाणी मांडणी आहे, नव्याने शिकणाऱ्याने तीच शिकावी असं माझंही मत. पण ज्याच्या बोटांत एक भाषा एका क्रमाने 30 वर्षं मुरली आहे त्याला ती देणं म्हणजे घरातल्या सगळ्या वस्तू हलवून ठेवणं. तो तीन अक्षरी प्रोग्राम आप्पांच्या घरातल्या वस्तू जिथल्या तिथे ठेवत होता. आणि मी? मी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवते. एम, ए, झेड, ए लिहिलं की 'माझा' येतं. मला माझ्या वडिलांची मांडणी येत नाही, कधी शिकावीशी वाटली नाही. म्हणून ती तीन अक्षरं माझ्या नजरेत परकी ठरली.

आखाजीला निर्णय घ्यायची आमच्याकडे जुनी रीत आहे. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं धरतात. मी लहान होते तोवर आमच्या घरी सालदार होता. आम्ही पोरं त्याला भाऊच म्हणायचो. आखाजीच्या संध्याकाळी मोठे आबा, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावर बसायचे. खालच्या पायरीवर भाऊ. मध्ये पानाचा डबा. वर्षाची उचल किती, खाडे किती, द्यायची ज्वारी किती पोती, कपड्यांचा जोड, वहाणा, असं सगळं बोलून झालं की थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही. गोठ्यातून बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा. मग मोठे आबा विचारायचे, "औंदा ऱ्हाशी का?" आणि भाऊ गोठ्याकडे बघत म्हणायचा, "ऱ्हासू."

मी हे आठवते तेव्हा गोड करून आठवत नाही. उचल डोक्यावर असलेल्या माणसाला नाही म्हणायची किती मोकळीक असते, ते मला आता कळतं. त्याचं ताट ओट्यावर वाढलं जायचं, घरात नव्हे, हेही मला दिसलं होतं आणि तेव्हा ते चुकीचं वाटलं नव्हतं, याची लाज वाटते. तरी एका वर्षी भाऊ काही बोलला नाही. मोठ्या आबांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, सुरतेला चाललो, मेव्हणा मिलमध्ये आहे. मोठे आबा रागावले नाहीत. पानाचा डबा त्याच्याकडे सरकवला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी भाऊ सुरतेच्या गाडीने गेला. नव्या माणसाच्या हातचं पाणी बैल दोन दिवस प्यायले नाहीत. काकू बादली घेऊन त्यांच्यापुढे उभी राहून बोलत असायची, ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

प्रोग्रामला पोट नसतं, घर नसतं, सुरतेला मेव्हणा नसतो. त्याला काढलं म्हणून त्याचं काही जात नाही, आणि स्टार्टअपमधून बंद केलं म्हणजे तो नाहीसाही होत नाही. तो डिस्कवर असतो तसाच असतो, फक्त न बोलावता येत नाही. परत चालू करायला दोन क्लिक पुरतात. हे सगळं मला माहीत आहे, मी दहा जणांना समजावून सांगितलेलं आहे. पण त्या रात्री खोलीत विचारण्यासारखं एक माणूस होतं. माझ्यापासून तीन हातांवर, सुपारी कातरत. "आप्पा, यातलं तुम्हाला काय काय लागतं?" एवढं एकच वाक्य होतं. ते ओठांवर आलंच नाही, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे याची मला खात्री होती.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी आप्पांना टेबलाशी बोलावलं. कागद त्यांच्यापुढे ठेवला. ते एकदम चोरी पकडल्यासारखे झाले, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. मी सांगितलं, चूक माझी आहे, मी तुमचा मराठीचा प्रोग्राम बंद करून ठेवला होता. त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मी तळाची ओळ दाखवली, राइट क्लिक, एनेबल, रीस्टार्ट. पडदा आला. कोपऱ्यात घड्याळाशेजारी 'म' येऊन बसला. "हा बघा, हा कोपऱ्यात असला की मराठी उमटते." आप्पांनी चष्मा वर केला आणि तो 'म' बराच वेळ पाहिला. इतकी वर्षं तिथेच होता. मग बोटं ठेवली आणि त्यांची नेहमीची पहिली ओळ मारली. प्रति, मा. तहसीलदारसाहेब. टक, टकटक, टक. ओळीच्या शेवटी थांबले.

"माले वाटनं, मना हात इसरनात," ते म्हणाले.

त्यांनी मला काही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी अलीकडे किंचित थरथर असते. ती आम्हा सगळ्यांना दिसते आणि कुणी तिच्याबद्दल बोलत नाही. त्या सकाळी आप्पांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, त्याचा अंदाज मला त्या थरथरीवरून आला.

मग आम्ही दोघांनी मिळून ती यादी पुन्हा वाचली. ह्या वेळी मी माउस त्यांच्या हातात दिला. मी नाव वाचायचं, ते काय ते सांगायचे. प्रिंटरची दोन त्यांनी विझलेलीच राहू दिली. स्टीम आणि आयट्यून्स हेल्परपाशी थोडे रेंगाळले, भावाचं काही बिघडणार नाही ना, म्हणून. बिघडणार नाही म्हटल्यावर सोडले. ढालीवर मात्र त्यांनी मला थांबवून विचारलं, ही काढली तर विषाणू येतील का? मी सांगितलं, ती नुसती खिडकीतली पाटी आहे, पहारेकरी आत वेगळा असतो आणि तो ह्या यादीत येतच नाही. "मंग पाटी ऱ्हाऊ दे," म्हणाले, "दिसनी म्हंजे बरं वाटस." माझ्या आदल्या निवाड्यातली आणखी तीन नावं त्यांनी परत चालू केली. एक पंचांगाचं होतं, सकाळी तिथी दाखवणारं. तेही मी बंद केलं होतं. आप्पा आखाजीला तिथी पाहायला लॅपटॉप उघडत नाहीत, पण रोज उघडतात, आणि आई त्यांना रोज विचारते. दुसरं स्कॅनरचं, अर्जाला कागद जोडायचे तर लागतं. तिसरं होतं स्काइप.

स्काइपसमोर त्या रात्री हाय लिहिलेलं होतं. मी आकडा समजावून सांगितला. तेव्हा त्यांनी सांगितलं की ते लॅपटॉपबरोबर उठावं अशी सोय त्यांनी मुद्दाम करून घेतली होती. भाऊ जर्मनीला गेला त्या वर्षी. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. तो कधी मोकळा होईल सांगता यायचं नाही, आणि आप्पांना भीती असायची की तो फोन लावेल आणि इकडे बंद असेल. म्हणून संध्याकाळी लॅपटॉप लावून ठेवायचा आणि दोघं आपापल्या कामाला लागायची. ती बुडबुड्यांसारखी रिंग वाजली की आई स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी यायची. आता सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर होतं. स्काइप वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं नव्हतं. रोज सकाळी ते उठत होतं, डिस्क घरघरवत होतं, आणि कुणाच्या तरी फोनची वाट बघत बसत होतं. मी म्हटलं, "आप्पा, तसंही ते 5 मेला कायमचंच बंद होतंय. पेपरातही आलं होतं." त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला. बोटांवर मोजलं.

"चार दिवस उरले ना," म्हणाले. "चालू दे. मंग मीच बंद करसू."

त्या बिननावाच्या 'प्रोग्राम'चं मूळ शोधायला मी फाइलची जागा उघडून पाहिली. तिथे काही नव्हतं. कधीतरी काढून टाकलेल्या कशाचा तरी मागे राहिलेला पत्ता. तो आम्ही बंदच ठेवला. आप्पा म्हणाले, कुणाचा होता ते कळायला हवं होतं. मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपला दोन मिनिटांच्या वर थोडा वेळ लागला, माझ्या दीड मिनिटापेक्षा जास्त. आप्पांनी बटण दाबलं आणि सवयीने बाहेर गेले. परळात पाणी ओतलं. तुळशीला घातलं. रेडिओ लावला. इकडे पडदा केव्हाच उजळून बसला होता, कोपऱ्यात 'म', आणि त्यांची चाहूल अजून अंगणातच. खालच्या आळीतल्या बाई ओट्यावर येऊन टेकल्या होत्या. मी त्यांना पाणी दिलं. आप्पा चहाचा कप घेऊन आले, बसले, आणि बाईंना नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं. मी आत बॅग भरत होते. अर्ज पुरा होईपर्यंत मी हातातल्या साडीची घडी नुसती धरून उभी राहिले, तो आवाज ऐकत.

तो कागद मी मागून घेणार होते. आप्पांनी दिला नाही. घडी घालून पंचांगात ठेवला. पुढच्या खेपेला ये तेव्हा तुला शिकवतो, म्हणाले, आधी मधली ओळ.

पुण्याला आल्यावर 4 मेच्या रात्री आईचा फोन आला. बोलली काहीच नाही, नुसता फोन कशाच्या तरी जवळ धरला. ती रिंग होती. आप्पांनी भावाला निरोप पाठवून मुद्दाम स्काइपवर फोन लावायला सांगितलं होतं. रिंग नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजली. लगेच कुणी उचलला नाही. मग आप्पांचा मोठ्याने बोलण्याचा आवाज, ते अजून जर्मनी लांब आहे म्हणून ओरडूनच बोलतात, आणि आईने माझा फोन ठेवला.

5 तारखेला संध्याकाळी आप्पांनी स्वतः फोन केला. "बंद करी टाकं," म्हणाले. राइट क्लिक केलं, डिसेबल केलं, रीस्टार्ट करून पाहिलं, 'म' जागेवर आहे. मी विचारलं, आता किती उरले?

"सात," म्हणाले, आणि चष्मा लावून एकेक नाव मला वाचून दाखवू लागले.